डॉक्टरने वापरलेली गाडी

मांबुळ्ळी गावचे व्हिलेज ऑफिसर, म्हणजे आपल्याकडचे तलाठी, श्री. ओसेफ वर्की यांनी अकरा वर्षं वापरलेली छोटी गाडी काढून मोठी घेण्याचा निर्णय घेतला. निर्णय रीतसर होता, म्हणजे तो त्यांच्या पत्नीने, थ्रेस्याने, घेतला होता. जानेवारीतला पेरुन्नाळ, चर्चचा मोठा उत्सव, तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी गावातल्या झाडून साऱ्या गाड्या चर्चच्या मैदानात ओळीने उभ्या राहतात, अच्चन, म्हणजे चर्चचे पाद्री, प्रत्येकीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि बाकीचं गाव कुणाची गाडी किती लांब ते डोळ्यांनी मोजून घेतं. ओसेफची गाडी गेली दोन वर्षं थ्रेस्याच्या शारजावाल्या भावाच्या गाडीशेजारी उभी राहत होती.

"यंदा मी त्या डबड्यातून उतरणार नाही," थ्रेस्या म्हणाली. "चालत जाईन. कुणी विचारलं तर सांगेन, आमच्या ह्यांच्याकडे सत्य आहे, गाडी नाही."

टोमणा वर्मी लागला. कारण ओसेफकडे खरोखरच सत्य होतं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्याने एक पैसा खाल्ला नव्हता आणि एकही खोटं वाक्य उच्चारलं नव्हतं. खाल्ला असता तर परवडला असता, असं गावाचं मत होतं. कारण तो स्वतः खोटं बोलत नसे, तसा दुसऱ्याच्या बोलण्यावर विश्वासही ठेवत नसे. "सर, मी जिवंत आहे," असं सांगणाऱ्या पेन्शनरला तो शांतपणे विचारी, "पुरावा?" एका कागदावर ओसेफ आणि दुसऱ्यावर जोसेफ असं नाव आलं, की 'दोन्ही नावांचा माणूस एकच आहे' असा दाखला लागे. तो दाखला ओसेफच देई आणि त्यासाठी दोन साक्षीदार, रेशन कार्ड आणि किमान पाच खेटे लागत. माणसाचं तोंड काहीही बोलतं, कागद तसं बोलत नाही, ही त्याची श्रद्धा होती.

गाडीच्या बाबतीतही हाच शिरस्ता. तिची एक वही होती. पेट्रोलचा थेंब न् थेंब, टायरमध्ये भरलेली हवा, प्रत्येक सर्व्हिसिंग, आणि सहा वर्षांपूर्वी बॉनेटवर पडलेला फणस, वजनासकट.

शोरूममध्ये टाय लावलेल्या गृहस्थांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, एका टायरला लाथ घातली आणि मोबाइलवर बोट फिरवून आकडा सांगितला. "एक्सचेंजमध्ये सव्वा लाख."

"ही वही तर बघा."

"सर, वहीला आमच्याकडे रकाना नाही."

ओसेफला हे पटलं. ज्याला रकाना नाही ती वस्तू अस्तित्वातच नाही, हे तत्त्व तो स्वतः रोज दहा माणसांना समजावून सांगत असे. पण घरी येताना त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाईट वाटलं. गाडीला कमी भाव आला याचं इतकं नाही. अकरा वर्षं जे इमानाने लिहिलं ते कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही, याचं.

मग त्याने गाडी स्वतःच विकायचं ठरवलं. जाहिरात त्यानेच लिहिली: 'मालक एकच. सरकारी नोकर. डाव्या दाराला शेजाऱ्याच्या बकरीच्या शिंगाचा ओरखडा. बॉनेटवर फणस पडून खड्डा, दुरुस्त केलेला. बाकी सर्व ठीक.' आठ दिवसांत एक फोन आला, तोही शेजाऱ्याचा. बकरीचं नाव जाहिरातीत कशाला घातलंत, असं विचारत होता.

नवव्या दिवशी रप्पाई मास्तर म्हणून एक शिक्षक मेकॅनिक घेऊन आले. मेकॅनिक गाडीखाली शिरला, मास्तर वहीत. दोन पानं वाचून मास्तरांनी चष्मा काढला.

"हे सगळं एकाच हातचं अक्षर आहे."

"हो. माझं."

"अकरा वर्षं एकच माणूस लिहीत होता? शाई बदलली, अक्षर नाही? ओसेफसर, मी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतोय. एवढं नीटनेटकं फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी लिहिलेलं असतं."

"अहो, मी खरं सांगतोय!"

"सगळे तेच सांगतात," मास्तर म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. उत्तर ओळखीचं होतं. ओसेफ स्वतः ऑफिसच्या खिडकीतून हेच सांगत असे.

पेरुन्नाळ दहा दिवसांवर आला तेव्हा थ्रेस्याने लोनप्पन नावाच्या गाडीदलालाला बोलावलं. त्याने जाहिरात वाचली आणि कपाळावर हात मारला.

"ओसेफचेट्टा," त्याने ओसेफला थोरल्या भावाचा मान दिला, "फणस कुणी सांगतं का? तुम्ही फणस कबूल केला, की लोक म्हणणार माड पडला असेल. ते जाऊ दे. गाडी कुणी वापरली?"

"मी."

"हेच चुकलं."

"म्हणजे?"

"या जिल्ह्यात गाडी विकायची तर ती डॉक्टरने वापरलेली लागते. मी गेल्या वर्षी सत्तर गाड्या विकल्या, सगळ्या डॉक्टरांच्या. त्यातल्या चाळीस लेडी डॉक्टरांच्या, फक्त चर्चला जाण्यापुरत्या बाहेर काढलेल्या."

"एवढे डॉक्टर आहेत कुठे?"

"नसतीलही. पण लोकांना भरवसा पाहिजे, चेट्टा. खरं घेऊन काय लोणचं घालायचंय? डॉक्टरची म्हटली की अडीच लाख, आजच्या आज."

"मी खोटं बोलणार नाही," ओसेफ म्हणाला. थ्रेस्याने त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ओसेफने मान खाली घातली. "मी स्वतः बोलणार नाही," तो म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका," लोनप्पन खूश होऊन म्हणाला. "डॉक्टर कुठे बोलतात?"

लोनप्पनने 'डॉक्टरने वापरलेली' अशी नवी जाहिरात दिली आणि दुसऱ्याच दिवशी चालकुडीहून फर्निचरवाला देवस्सी आला, सोबत त्याची म्हातारी आई, अम्मची. बॉनेट उघडलं नाही. टायरला लाथ नाही. ओसेफने पुढे केलेली वही त्याने नम्रपणे बाजूला सारली. "डॉक्टरांच्या गाडीला काय बघायचं?" ओसेफ गप्प बसला होता. त्या गप्प बसण्याचा देवस्सीवर फार चांगला परिणाम झाला. "मोठे डॉक्टर दिसतात," तो लोनप्पनच्या कानात म्हणाला.

तेवढ्यात म्हातारीने साडी गुडघ्यापर्यंत सरकवून पाय पुढे केला. "डॉक्टरा, हा गुडघा बघ रे बाबा. सात वर्षं झाली."

देवस्सी पैशाची पिशवी हातात धरून थांबला. लोनप्पन देवाचं नाव घेत होता. स्वयंपाकघराच्या दारात थ्रेस्या उभी होती आणि तिचे डोळे म्हणत होते, विचार काहीतरी, मेल्या.

प्रश्न विचारणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असा ओसेफने मनातल्या मनात शेरा मारला. "कधी दुखतो?" त्याने विचारलं.

"जिना चढताना."

"मग चढू नका."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सात वर्षांत हे कुणी सांगितलं नाही गं बाई!" पिशवी टेबलावर आली. विक्रीपत्रावर सही करताना ओसेफचा हात असा थरथरत होता, की सही वाचताच येईना. देवस्सीने ती बघून समाधानाने मान डोलावली.

पेरुन्नाळला ओसेफची नवी गाडी शारजावाल्या गाडीपेक्षा बोटभर लांब भरली. अच्चननी पाणी शिंपडलं. थ्रेस्या दिवसभर गाडीतून चढत-उतरत होती. ओसेफला मात्र अन्न गोड लागेना. रात्रंदिवस एकच विचार, आपण फसवलं.

फेब्रुवारीत देवस्सी मांबुळ्ळीच्या व्हिलेज ऑफिसात अर्ज घेऊन शिरला. खुर्चीवरच्या माणसाकडे बघून तो दारातच थिजला.

"डॉक्टर, तुम्ही इथे?"

आणि ओसेफचा बांध फुटला. "मी डॉक्टर नाही हो! मी व्हिलेज ऑफिसर आहे. मी गप्प बसलो, हेच माझं पाप. पैसे परत घ्या, गाडी परत द्या. तुमच्या आईची माफी मागायला मी स्वतः येतो."

देवस्सीने आधी दार लावून घेतलं, कडी घातली आणि मग खुर्चीत बसला.

"हळू बोला. गाडी मी बहिणीच्या सासरी विकली, वर तीस हजार घेऊन. डॉक्टरची म्हणूनच विकली. आता मेव्हण्याला कळलंय, की ओसेफ वर्की नावाचा व्हिलेज ऑफिसर आहे. बहिणीला परत पाठवायची भाषा चाललीय. म्हणतो, 'गाडीचा डॉक्टर ओसेफ वर्की आणि हा ऑफिसर ओसेफ वर्की, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत' असा दाखला आण."

"पण ती व्यक्ती एकच आहे. मीच आहे ती!"

"हे तुम्ही म्हणता," देवस्सी म्हणाला. "पुरावा?"

ओसेफचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला.

"डॉक्टर होते याला माझ्याकडे जाहिरात आहे," देवस्सी शांतपणे बोटांवर मोजत म्हणाला. "दलालाची साक्ष आहे. डॉक्टरी अक्षरातली सही आहे. अम्मचीचा गुडघा सात वर्षांत पहिल्यांदा बरा आहे, वॉर्डातली चाळीस माणसं सांगतील. तुम्ही खरं बोलताय, याला कागद काय?"

ओसेफने ड्रॉवर उघडला, कपाट उघडलं, स्वतःच्या आत बघितलं. कागद नव्हता. उपलब्ध पुराव्यांवरून, नियमानुसार, डॉक्टर ओसेफ वर्की नावाचा दुसरा एक मनुष्य असलाच पाहिजे, असं दिसत होतं. त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या ऑफिसातून दाखला एका खेट्यात बाहेर पडला. अक्षर अगदी नीटनेटकं होतं.

मेव्हण्याचं समाधान झालं, बहीण नांदते आहे, गाडी चालते आहे. हसलात ना? हसा. फक्त खाली उतरून एकदा आपल्या गाडीकडे बघून या. तुम्ही घेतलीत तेव्हा ती कुणी वापरलेली होती म्हणून सांगितलं होतं तुम्हाला? आणि परवा विकायला काढाल, तेव्हा कुणी वापरली म्हणून सांगणार आहात?