रणधीरचं राज्य चालवतंय कोण?

बालाघाटाच्या डोंगरापासून मांजरेच्या पात्रापर्यंत गुन्हेगारांची झोप उडवणारा माणूस एकच आहे, आणि तो सध्या कळंबच्या बसस्थानकासमोर झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसतो, हे अख्ख्या कळंबला ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? डिटेक्टिव्ह महारुद्र स्वतःच ते गावभर सांगत फिरत. "नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची," असं ते माडी चढून आलेल्या प्रत्येकाला ऐकवत. यात माणसाचं काय आहे, हा प्रश्न धनाजीच्या कैक वेळा ओठांवर येई. पण महारुद्र त्याचे दाजी होते, आणि बहिणीच्या नवऱ्याला असलं काही विचारायची आपल्यात रीत नाही.

धनाजीला सहायक म्हणून नेमलं होतं त्याच्या बहिणीने, अयोध्याने. "ह्यांच्या अंगात गुप्तहेर शिरलाय, त्यो काय आता निघत न्हाय," ती म्हणाली होती. "तू निस्ता संग ऱ्हा. सांजच्याला धडधाकट घरी आणून सोड, बास." तेवढं काम धनाजी इमानेइतबारे करत होता. बाकी प्रकरणं आपोआपच सुटत. हरवलेली म्हैस अंधार पडायच्या आत गोठ्यात येई, चोरीला गेलेली मोटारसायकल धाकट्या भावाने सासुरवाडीला नेलेली निघे, आणि दाजी दोन्हींचं श्रेय आपल्या नाकाला देऊन मोकळे होत.

गुरुवारी सकाळी, थंडीने हातपाय आखडलेले असताना, माडीवर रणधीर आला. मार्केट यार्डात धान्याची आडत चालवणाऱ्या बलभीमरावांचा हा मुलगा. दिवसभर वडिलांच्या आडतीवर बसे, आणि संध्याकाळी घरी जाऊन कॉम्प्युटरवरचे लढायांचे खेळ खेळून त्यांची समीक्षा लिही. कुठला खेळ घेण्यासारखा, कुठल्यात नुसताच धुरळा, कुठल्या खेळात डोकं लागतं, हे तो मराठीत इतकं झकास लिही, की पुण्याच्या एका संकेतस्थळाच्या संपादकबाईंनी त्याला परीक्षा म्हणून एक नवा खेळ धाडला होता. 'तख्ताचा वारस' त्याचं नाव. समीक्षा शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. पसंत पडली तर घरी बसून कायमची नोकरी. नाही पडली तर वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, खेळ बंद आणि आडत सुरू, जन्मभर.

"मग अडचण काय?" दाजींनी डोळे बारीक करून विचारलं.

रणधीरचा चेहरा पडला. "माझं राज्य दुसरंच कुणीतरी चालवायलंय."

त्याने सगळं नीट उलगडून सांगितलं. या खेळात आपण राजा. सैन्य हलवायचं, किल्ले बांधायचे, शेजारच्या चार राज्यांवर चालून जायचं आणि मग एंटरचं बटण दाबायचं; दाबलं की एक वर्ष सरतं. आपण काही हुकूम दिला नाही, तर प्रधान त्याच्या मनाने कारभार बघतो. खेळ अजून बाजारात यायचा असल्याने कच्चा होता. मधे बंद केला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून रणधीरने लॅपटॉप आठवडाभर बंदच केला नव्हता. सोमवारी रात्री त्याचं राज्य बेचिराख झालं होतं. मंगळवारी तो आडतीवरून घरी येऊन बघतो, तर कित्येक वर्षं उलटलेली, किल्ले पुन्हा उभे, कोठारं भरलेली, दारूगोळा ओसंडून वाहतोय आणि प्रजा खूश! त्याने रात्री पुन्हा शेजाऱ्यांवर चढाई केली, आणि त्यांनी उलटून येऊन पुन्हा सगळं जाळलं. बुधवारी संध्याकाळी पुन्हा तेच. राज्य हिरवंगार.

"म्या लढलो की राज्य बुडतंय, आन म्या आडतीवर गेलो की भरभराट," रणधीर म्हणाला. "माझ्यापेक्षा भारी खेळणारा कुणीतरी माझ्याच घरात येऊन जायलाय. मग समीक्षेखाली माझं नाव कुठल्या तोंडानं टाकू?"

धनाजीला पोराची कीव आली. दाजींना मात्र आनंद झाला. त्यांनी खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन, खाली लागलेल्या बसकडे संशयाने पाहिलं. "धनाजी, हा साधा गुन्हा नव्हे," ते म्हणाले. खास प्रसंगी ते पुस्तकी मराठी बोलत. "एखादा प्रतिस्पर्धी समीक्षक इंटरनेटच्या मार्गाने आत शिरला आहे."

"इंटरनेट बंद ठेवलंय," रणधीर म्हणाला. "कंपनीची अटच हाय तशी."

"म्हणजे तो चालत आला आहे," दाजी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. सिद्धांत कोसळला तरी दाजींना कधी ठेच लागत नसे. ते सरळ दुसऱ्यावर जाऊन उभे राहत.

दुपारी तिघं रणधीरच्या घरी गेले. रणधीरची आई कस्तुराबाई म्हशींचं आवरून नुकतीच आत आली होती. तिने कोण, काय, कशाला हे विचारायच्या आधी पानं वाढली. धनाजी जेवणावर खूश झाला, विशेषतः दह्यावर. सुरीने कापावं असं दही होतं. या कडाक्यात त्याच्या स्वतःच्या घरी विरजण लागत नव्हतं आणि बायकोची रोज चिडचिड चालली होती. त्याने तसं बोलूनही दाखवलं. दाजींनी त्याला डोळे वटारून दटावलं. तपासाला आलेल्या माणसाने जेवणात लक्ष घालायचं नसतं, असं म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा दही घेतलं.

जेवण झाल्यावर दाजींनी लॅपटॉपचं निरीक्षण केलं, म्हणजे त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. "कोठारं भरली आहेत. धान्य साठवण्याची कला कळंबमध्ये कोणाला येते? आडत्याला!" असं म्हणून ते थेट मार्केट यार्डात बलभीमरावांपुढे जाऊन उभे राहिले.

"मंगळवारी दुपारी आपण कोठार भरलं, हे खरं आहे का?"

"रोजच भरतो," बलभीमराव तुरीच्या पोत्यावरून मान वर न करता म्हणाले. "हंगाम हाय न्हवं का."

"कबुलीजबाब!" दाजी धनाजीच्या कानात फुसफुसले. पण मंगळवारी दिवसभर बाप आणि लेक एकाच गादीवर शेजारी बसून होते, हे खुद्द रणधीरनेच सांगितलं, तेव्हा तोही सिद्धांत तुरीच्या भुसकटासारखा उडून गेला. दाजींनी आभाळाकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि त्यांना दारूगोळा आठवला.

"दारूगोळा म्हटलं की फटाक्यांचं तेरखेडा!"

"दाजी, त्यो खेळातला दारूगोळा हाय."

"दारू ती दारूच, धनाजी. गाडी काढ."

आता मोटारसायकलवरून, बोचऱ्या वाऱ्यात, कानाला मफलर गुंडाळून तेरखेड्याला जायचं म्हणजे काय असतं, हे जो गेला त्यालाच माहीत. तिथे बजरंग नावाच्या फटाकेवाल्याला दाजींनी विचारलं, "अलीकडे एखाद्या राजाने मोठी खरेदी केली आहे का?" बजरंगने शांतपणे उत्तर दिलं, की राजाचं माहीत नाही, पण निवडून आलेल्या एका सरपंचांनी केली होती. बोलता बोलता त्याने दाजींच्या गळ्यात भुईनळ्यांचा खोकाही मारला. परत येताना खोका टाकीवर, गाडी चालवणाऱ्या धनाजीच्या पुढ्यात होता आणि रस्ताभर धनाजीला बहीण आठवत होती. धडधाकट घरी आणून सोड, ती म्हणाली होती; फटाक्यांबद्दल काही बोलली नव्हती.

शुक्रवार उजाडला. समीक्षेचं एक अक्षर लिहिलं गेलं नव्हतं. रात्रभर लढून रणधीरने राज्य पुन्हा धुळीला मिळवलं होतं. आडतीवर जाताना तो धनाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, आज न्हाय सापडला तर म्या समीक्षा धाडणारच न्हाय. खोटं लिहून नोकरी घ्यायची न्हाय मला."

"आज आपण सापळा लावू," दाजींनी जाहीर केलं. गुन्हेगार दिवसाच येतो, तेव्हा दिवसाच दबा धरायचा. दाजी रणधीरच्या पलंगाखाली शिरले. त्यांचं पोट शिरायला तयार नव्हतं, पण न्यायासाठी त्यांनी तेही आत घेतलं. धनाजी कपाटाच्या आडोशाला उभा राहिला. समोर टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर जळकं राज्य आणि त्यावर गिधाडं.

बराच वेळ काही झालं नाही. मग दार ढकलून कस्तुराबाई आत आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं जड पितळी भांडं होतं.

"पाव्हणं," ती वाकून म्हणाली, "पलंगाखाली काय हुडकायलाव?"

"गप्प बसा, बाई! गुन्हेगार कोणत्याही क्षणी येईल."

"येऊ द्या की. जरा हात लावा. ह्ये तिरपं ठिवलं की दही एका अंगाला जातंय."

बाईमाणसाच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून डिटेक्टिव्ह महारुद्र पलंगाखालून सरपटत बाहेर आले, भांडं स्वतःच्या हाताने लॅपटॉपच्या बटणांवर ठेवलं, डावी-उजवीकडून वाकून ते सपाट आहे की नाही हे घारीच्या नजरेने पाहिलं, थोडं उजवीकडे सरकवलं आणि म्हणाले, "आता आपण निघा. आपल्यामुळे तपासात व्यत्यय येतो आहे." ती गेली. ते पुन्हा पलंगाखाली गेले.

खोलीत टकटक टकटक असा आवाज सुरू झाला.

"ऐकलंस?" पलंगाखालून कुजबुज आली. "खिडकीबाहेर आहे. थंडीने गुन्हेगाराचे दात वाजतायत!"

धनाजी पडद्याकडे बघत होता. पडद्यावरची वर्षं त्या टकटकीसरशी पळत होती. गिधाडं उडाली, नांगर फिरले, भिंती चढल्या, कोठारं भरली. राज्यात पाळणे हलले, राजे म्हातारे झाले, त्यांची पोरं तख्तावर बसली. शेजारचे चारही राजे आपापल्या जागी हात बांधून उभे होते. त्यांना कुणी छेडलं नाही आणि त्यांनीही कुणाला छेडलं नाही. धनाजी आडोशातून बाहेर आला आणि त्याने टकटकणाऱ्या लॅपटॉपकडे बोट केलं.

विसरलेलं झाकण घेऊन कस्तुराबाई परत आली. "ते का? ते भांडं ठिवलं की असंच वाजतंय रोज," ती सहज म्हणाली. "मंगळवारपासनं. म्या म्हणलं, यंत्र तापायलंय, तसा आवाज करत असंल."

धनाजीने भांडं उचललं. वर्षं थांबली. भांडं ठेवलं. एंटरचं बटण दाबलं गेलं आणि वर्षं पळाली.

"काकू, हे तुमी आधी का न्हाय सांगितलं?"

"मला इचारलं कुणी?" कस्तुराबाई म्हणाली. "चूल गेली, गॅस आला, घरात ऊन कोपरा म्हणून ऱ्हायला न्हाय. ह्या थंडीत दही लागावं कुठं? ह्या पोराचं यंत्र दिसभर ऊन ऊन वाफ सोडतंय. फुकटची ऊब वाया कशाला घालवायची?"

पलंगाखाली थोडी खुडबुड झाली. मग दाजी म्हणाले, "हे माझ्या लक्षात सुरुवातीलाच आलं होतं." पोट अडकल्यामुळे ते बाहेर येऊ शकत नव्हते, म्हणून हे वाक्य त्यांना तिथूनच म्हणावं लागलं.

धनाजीने फोन करून रणधीरला बोलावून घेतलं. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला आणि मग खुर्चीत टेकला. डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे मला हरवलं ते दह्याच्या भांड्यानं," तो म्हणाला. "लढाईच्या खेळाची समीक्षा करणारा म्या, आन मला एक लढाई जिंकता आली न्हाय. ह्ये लिहिलं तर लोक दात काढतील. संपादक दारातनं हाकलतील."

"लिहू नकोस!" दाजींनी सल्ला दिला. एव्हाना दोघांनी ओढून त्यांना मोकळं केलं होतं. "असं लिही, की एका अज्ञात सूत्रधाराच्या साहाय्याने तू चारही राज्यं नमवलीस. सूत्रधाराचं नाव टाकायला माझी हरकत नाही."

धनाजीने आजवर कुठल्याच प्रकरणात तोंड घातलं नव्हतं. पण हरणाऱ्या माणसाबरोबर फिरण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि या एका विषयात त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"खरं लिही," तो म्हणाला. "जिंकणारा कशाला समीक्षा वाचत बसंल? वाचतात ती आपल्यासारखी माणसं. पैसं घालायच्या आधी त्यांना कळू दे, की ह्या खेळात न लढणारा जिंकतोय."

रणधीरने लॅपटॉप पुढे ओढला. जेवायला उठला नाही, चहा गार झाला. आपण किती वेळा चालून गेलो, किती वेळा हरलो, आईने भांडं ठेवल्यावर काय झालं, शेजारचे राजे आपणहून कधीच का हलत नाहीत, आणि ज्या युद्धात छेडल्याशिवाय शत्रू झोपलेलाच असतो त्याला युद्ध का म्हणायचं, हे सगळं त्याने लिहिलं. दिवस मावळायच्या सुमाराला समीक्षा गेली. बलभीमराव आडत बंद करून आले. त्यांना काय घडलं ते सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

फोन वाजला. रणधीरने सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. एकट्याने ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती.

"हे खरं आहे?" संपादकबाईंनी विचारलं.

"व्हय मॅडम. म्या प्रत्येक लढाई हरलो."

रणधीरने डोळे मिटले. बलभीमराव खाली बघत होते, आणि धनाजीला वाटलं, आडतीवर माणूस मिळणार याचा आनंद त्या तोंडावर काही दिसत नाही.

"या खेळाच्या बऱ्याच समीक्षा आल्यात माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाने लिहिलंय, घनघोर युद्ध करून जिंकलो. शत्रू आपणहून जागचा हलत नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. मला जिंकणारे नकोत, बघणारा हवाय. सोमवारपासून कायम. घरूनच."

फोन ठेवला गेला. दाजींनी छाती पुढे काढून सर्वांकडे पाहिलं, पण त्यांच्याकडे कुणी बघेना. बलभीमराव मोठ्याने खाकरले. "आडतीवरबी हारतच हुता की," ते म्हणाले. "तितं तर कुणी दाद दिली न्हाय." आणि त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

कस्तुराबाईला मात्र हिशेब लागत नव्हता. "म्हंजे हारल्याबद्दल नोकरी मिळाली?"

"तसंच म्हण, आई."

तिने पदराने डोळे टिपले आणि ती म्हणाली, "मग मन लावून हारत जा, बाबा."