व्हर्लिनचा चौथा हप्ता

“यंदा सरकारच्या खिशातून दीडशे डॉलर काढतो की नाही बघच! तेही कायद्यात राहून!”

व्हर्लिन टॉलेफसनने हातातला काटा हवेत नाचवत जाहीर केलं. काट्याला तळलेल्या माशाचा तुकडा होता. तो उडाला आणि थेट मेव्हण्याच्या बिअरमध्ये पडला.

डिसेंबरातला शेवटचा शुक्रवार होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या बर्चफील्ड गावात शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्याही घरी चूल पेटत नाही, सगळं गाव क्लबात मासे खायला येतं. त्यामुळे इथे काही बोललं की शनिवारी सकाळी ते गोठ्यातल्या गाईंनासुद्धा माहीत असतं!

मेव्हणा म्हणजे ड्वेन. व्हर्लिनच्या बायकोचा, मार्लिसचा, धाकटा भाऊ. हिवाळ्यात गावचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. त्याने बिअरमधून माशाचा तुकडा काढला, खाल्ला, आणि म्हणाला, “दाजी, गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात.”

“गेल्या वर्षी विसरलो. माणूस आहे!”

“माणूस आहात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ताईचं असेल.”

भानगड अशी होती. व्हर्लिन घराघरांतल्या हीटरच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. स्वतःचा धंदा. पगार नाही, म्हणजे टॅक्स कापणारं कोणी नाही. आपणच अंदाज बांधायचा आणि वर्षाचे चार हप्ते भरायचे. राज्याचा टॅक्स वेगळा, वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्राचा, वेगळा. राज्याच्या चौथ्या हप्त्याला पंधरा जानेवारीपर्यंत मुदत असते. पण राज्याला जे भरलं ते वॉशिंग्टनच्या टॅक्सात वजावट म्हणून दाखवता येतं, आणि ते ज्या वर्षी भरलं त्याच वर्षात धरतात. म्हणजे हजार डॉलरचा चेक एकतीस डिसेंबरच्या आत टपालात पडला, त्यावर शिक्का बसला, की वजावट याच वर्षी. दीडशे डॉलर वाचले! एक जानेवारीला पडला की बसा वर्षभर बोंबलत.

हे ज्ञान व्हर्लिनला दाताच्या डॉक्टरकडे मिळालं होतं. दाढ काढून घ्यायला गेला आणि मासिकाचं पान फाडून घेऊन आला. दोन वर्षं ते पान त्याच्या पाकिटात होतं, मुलांच्या फोटोच्या पुढे!

“पैज!” ड्वेनने टेबलावर एक लोकरी टोपी आपटली. शिकागोच्या फुटबॉल टीमची! आजूबाजूच्या चार टेबलांवरचं चावणं थांबलं. विस्कॉन्सिनच्या माणसाने ही वैऱ्यांची टोपी घालणं म्हणजे भर वरातीत नवऱ्यानेच मुलीकडच्यांच्या वैऱ्याचा जयजयकार करणं. “ग्रेटचेन फेब्रुवारीत तुमचे टॅक्सचे कागद भरते ना? तिने सांगितलं की दीडशे वाचले, तर ईस्टरच्या आधीचे सहाही उपासाचे, फक्त माशांचे शुक्रवार मी ही टोपी घालून इथे बसेन. नाही वाचले तर तुम्ही!”

“लागली!”

“अरे व्हर्लिन,” मार्लिस म्हणाली, “पण जूनमध्ये आपण...”

“मार्लिस, मध्ये बोलू नकोस. पैजेचं बोलणं चाललंय!”

मार्लिसने खांदे उडवले आणि त्याच्या ताटातली कोबीची कोशिंबीर आपल्याकडे ओढून घेतली.

आता कोणी म्हणेल, मग चेक लगेच पाठवायचा ना! पण व्हर्लिनचं डोकं वेगळं. पैसा शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या खात्यात राहिला पाहिजे. सरकारला चार दिवसांचं व्याज का द्यायचं? ते व्याज चार सेंटच्या वर गेलं नसतं, ते सोडा. तत्त्व महत्त्वाचं!

तर एकतीस डिसेंबर. सकाळी नऊ. व्हर्लिनने चेक लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं, पाकिटावर तीन ठिकाणी चिकटपट्टी मारली. रात्रभर पडलेल्या बर्फातून रस्त्याच्या कडेच्या टपालपेटीपर्यंत गेला, पाकीट आत ठेवलं, न्यायचं टपाल आहे म्हणून पेटीची लाल झेंडी वर केली. साडेदहाला टपालवाली येणार, नेणार, दुपारी शिक्का. झालं काम! मार्लिस गाडी घेऊन बाजारात निघाली होती. तिने काच खाली केली.

“ऐक तरी. ती वजावट, म्हणजे आपलं घराचं...”

“येताना चीज आण! आज जिंकलोय मी!”

ती गेली. व्हर्लिनने कॉफी ओतली, खिडकीशी उभा राहिला आणि लाल झेंडीकडे बघत राहिला. पहिलं पोर शाळेच्या नाटकात उभं असताना बाप बघतो तसा!

तेवढ्यात घरघर ऐकू आली. बर्फ ढकलायचा ट्रक. वर ड्वेन. एका हातात डोनट, दुसऱ्या हाताने दाजींना रामराम. ट्रकच्या पुढच्या पात्याने बर्फाची अशी लाट उडवली, की ती कोसळली तेव्हा तिथे टपालपेटी नव्हती. खांब नव्हता. झेंडी नव्हती. पुरुषभर उंचीचा पांढराशुभ्र ढिगारा होता!

कॉफी सांडली. व्हर्लिन चपलांवरच धावला.

“ड्वेऽऽन!”

ट्रक मागे आला. ड्वेनने डोनट गिळला. “काय दाजी, पेटी गेली वाटतं? दर वर्षी जाते.”

“मुद्दाम केलंस! पैजेसाठी!”

“दाजी, मी या हिवाळ्यात बावीस पेट्या उडवल्यात. आईचीसुद्धा. मुद्दाम करायला लागलो तर एकही लागायची नाही.”

आणि तो खरंच पुढे गेला. शाळेचा रस्ता मोकळा करायचा होता त्याला.

व्हर्लिन गराजमध्ये पळाला. फावडं कुठे? जूनमध्ये घराचं कर्ज फिटलं तेव्हा ज्या पिंपात कर्जाचे कागद जाळले होते आणि नंतर सत्तर माणसांसाठी सॉसेज भाजले होते, त्या पिंपामागे! फावडं घेऊन आला आणि ढिगाऱ्यावर तुटून पडला. दोन मिनिटांत दांडा मोडला. मग गुडघ्यांवर बसून हातांनी! पेटीच नाही तर टपालवाली थांबणार नाही, आता स्वतःच पोस्टात न्यायचं, आणि पोस्ट आज बाराला बंद. घड्याळात साडेदहा.

“थांब, काढतो तुला! धीर सोडू नकोस!” तो पाकिटाला म्हणाला. माणूस एकटा असला की पाकिटांशीही बोलतो.

समोरच्या घरात आयोनकाकू राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतलेली, वापर माणसांसाठी. काकूने काय पाहिलं? सकाळी मार्लिस अंगणात होती, आता नाही. बर्फाचा ट्रक आला. आणि आता व्हर्लिन चपलांवर, गुडघ्यांवर, बर्फ उकरत ओरडतोय, धीर सोडू नकोस! काकूने दोन अधिक दोन केले. उत्तर बावीस आलं. तिने फोन उचलला.

सात मिनिटांत गावचा भोंगा वाजला. बर्चफील्डमध्ये आगीच्या बंबावर पगारी माणसं नाहीत, सगळे स्वयंसेवक. भोंगा वाजला की न्हावी अर्धी दाढी सोडून येतो, खाटीक सुरी खाली ठेवून येतो. बंब आला, मागे सहा पिकअप आले, चौदा माणसं फावडी घेऊन उतरली आणि एक शब्द न बोलता खणायला लागली.

 एका हप्त्यासाठी एवढी माणसं! असं गाव कुठे मिळेल?

“कुठल्या बाजूला असेल?” हेल्मेटवाल्याने विचारलं.

“डावीकडे! पण सांभाळून, फावड्याने चिरू नका. आणि ओलं झालं तर संपलंच!”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“व्हर्लिन, किती वेळ झाला?”

“पाऊण तास. पण मी तीन ठिकाणी चिकटपट्टी मारलीय.”

“कुणाला?”

“पाकिटाला!”

 हेल्मेटवाला न्हाव्याच्या कानात म्हणाला, “धक्का बसलाय बिचाऱ्याला. खणत राहा.”

अशात मार्लिसची गाडी आली. पुढे बंब, त्यामुळे तिने लांबच लावली. डोक्यावर टोपडं, गळ्याभोवती मफलर, नुसते डोळे दिसतात अशी ती पिशव्या घेऊन गर्दीत शिरली.

“काय झालं हो?”

“माणूस गाडलं गेलंय,” न्हावी वर न बघता म्हणाला.

“अरे देवा! कोण?”

“व्हर्लिनची बायको.”

मार्लिसने पिशव्या खाली ठेवल्या. “आणि व्हर्लिन काय करतोय?”

“पाकीट शोधतोय.”

 “हं,” ती म्हणाली, “म्हणजे तोच आहे.”

त्याच क्षणी ढिगाऱ्याच्या पलीकडून आरोळी आली. “सापडलं! सापडलं! जिवंत आहे! कोरडं आहे!” व्हर्लिन चेपलेल्या पेटीतून पाकीट काढून नाचत होता, आणि चौदा माणसं फावडी टेकून त्याच्याकडे अशी बघत होती, की आता याला त्याच खड्ड्यात पुरावा का, एवढाच प्रश्न उरला होता.

मार्लिसने मफलर खाली ओढला. “मी इथे आहे. सगळ्यांनी कॉफी घेऊन जा.”

आयोनकाकू दारातून ओरडली, “आधी पाकीट काढलं गं त्याने! मी बघत होते!”

पण व्हर्लिनचं लक्ष घड्याळाकडे. पावणेबारा! “पोस्ट बंद होणार! लव्हर्न बाराला एक मिनिट थांबत नाही!”

“पोस्ट अकरापासून बंदच आहे,” हेल्मेटवाला म्हणाला. हेल्मेट काढलं. आत लव्हर्न झास्ट्रो, पोस्टमास्तर! “मी इथे तुझी बायको खणतोय ना!”

व्हर्लिनने त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. काय करतो लव्हर्न? पैजेची गोष्ट गावभर झाली होतीच. ती टोपी व्हर्लिनच्या डोक्यावर बघायची इच्छा होती, पण ड्वेनच्या डोक्यावर बघायची त्याहून जास्त होती. ड्वेनने त्याचीही पेटी उडवली होती. बंबावरून, घंटा वाजवत, चपलांवरचा व्हर्लिन पोस्टात पोचला. बाराला दोन मिनिटं कमी असताना लव्हर्नने हाताने शिक्का मारला. ठप्प! एकतीस डिसेंबर! व्हर्लिनने त्या शिक्क्याची झेरॉक्ससुद्धा काढून घेतली.

पुढचे सहा आठवडे तो छाती काढून फिरला. प्रत्येक भट्टीपाशी, प्रत्येक गिऱ्हाइकाला, ठप्प कसं झालं ते हाताने करून दाखवायचा.

फेब्रुवारीत दोघं ग्रेटचेनकडे गेले. ड्वेन साक्षीदार म्हणून आला. ग्रेटचेनने कागद चाळले, बोटं मशीनवर नाचवली.

“ही झेरॉक्स कशाला आणलीस?”

“पुरावा! चौथा हप्ता, डिसेंबरात! दीडशे वाचले ना?”

“नाही.”

“कसं नाही? शिक्का बघ!”

“शिक्का छान आहे. पण जूनमध्ये घराचं कर्ज फिटलं ना तुमचं? व्याज संपलं. तुमच्या वजावटीत तेच तर मोठं होतं. आता घरपट्टी, चर्चची देणगी, राज्याचा टॅक्स, सगळं एकत्र केलं तरी साडेदहा हजारांच्या आसपास होतं. आणि काहीही न मोजता सरकार सगळ्या जोडप्यांना सरसकट साडेबारा हजार वजा करू देतं. मग मोजायचंच कशाला?”

व्हर्लिनने ओठ चाटले. “म्हणजे चेक जानेवारीत टाकला असता तर?”

“एवढाच टॅक्स.”

“आणि टाकलाच नसता तर?”

“तर दंड.” ग्रेटचेनने चष्मा पुसला. “गेल्या वर्षी मात्र कर्ज होतं. तेव्हा डिसेंबरात टाकला असतास, तर दीडशे नक्की वाचले असते.”

ड्वेन खुर्चीवरून खाली घसरत होता. हसू आवरत नव्हतं त्याला.

“जूनमध्ये आपण घराचं कर्ज फेडलं,” मार्लिस म्हणाली. “एवढं एकच वाक्य होतं माझं. दोन महिने झाले, पुरं होऊ देशील तर!” आणि तिने पर्समधून टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. “हिने कान झाकले जातात. तसेही तू ते वापरत नाहीसच!”

पहिला उपासाचा शुक्रवार. क्लब गच्च भरलेला. कोपऱ्यातल्या टेबलावर व्हर्लिन, डोक्यावर शिकागोची टोपी, मान ताटात. लोक मुद्दाम लांबचा वळसा घालून त्याच्या टेबलावरून जात होते.

आयोनकाकू आली. टोपी बघितली. बराच वेळ बघितली. मग तिने व्हर्लिनच्या खांद्यावर थोपटलं.

“बायको बर्फात असताना पाकीट शोधलंस, त्याचं प्रायश्चित्त घेतोयस होय रे? चांगलं आहे. पाद्रीबाबांनी सांगितलं का?”

व्हर्लिनने मार्लिसकडे बघितलं. मार्लिसने त्याच्या ताटातली कोशिंबीर आपल्याकडे ओढली.

“हो काकू,” व्हर्लिन म्हणाला, “त्याचंच!”

खरं कारण सांगण्यापेक्षा हे फारच अब्रूचं होतं!