मुलीचे मामा कुठे आहेत?

आमच्या नात्यात लग्न ठरलं की हॉल, आचारी आणि बँडवाला यांच्या आधी एकाच गोष्टीची चर्चा होते: अण्णा या वेळी कशावरून रुसणार.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि आता कडेगावजवळ आमच्या गावी ऊस करतो. दारात उभा राहिला की चौकट भरते, असा माणूस. मी लग्न होऊन सांगलीला आले, शाळेत शिकवते. नात्यातलं एकही लग्न मी चुकवलेलं नाही आणि एकाही लग्नात अण्णाला अक्षता टाकताना पाहिलेलं नाही. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत तो रुसून बाहेर गेलेला असतो.

कारण दर वेळी नवं. इस्लामपूरच्या लग्नात त्याला फेटा बांधला, पण व्याह्यांच्या चुलत्यानंतर बांधला. शिराळ्यात सगळ्यात आधी बांधला, पण तुरा म्हणे डावीकडे झुकला. साताऱ्यात सगळं यथासांग पार पडलं, आम्ही निर्धास्त झालो, तर अत्तर लावणाऱ्या मुलीने मनगटाऐवजी तळहाताला अत्तर लावलं म्हणून उठला. ‘मानाचा प्रश्न हाय,’ एवढं म्हणायचं, चपला शोधायच्या आणि बाहेर जाऊन आपल्या जीपमध्ये बसायचं. दोन्ही दारं सताड उघडी.

मग वऱ्हाडातली वडीलधारी माणसं शाल आणि नारळ घेऊन जीपभोवती उभी राहायची. अण्णा मानेवरचा घाम पुसत, बाटलीने पाणी पीत त्यांना म्हणायचा, ‘तुमी व्हा म्होरं.’ आत अक्षता पडल्या, गर्दी जेवणाकडे पांगली, की याचा राग उतरायचा. शेवटच्या पंगतीला दाराजवळची जागा धरून हसतखेळत जेवायचा, वर इतरांना जिलेबीचा आग्रह करायचा.

मला यातलं काहीच जुळत नसे. अण्णा मानासाठी हपापलेला नाही. गावात कुणी ‘ए दत्त्या’ म्हटलं तरी ओ देतो. मानाने मिळालेले फेटे गड्यांना वाटून टाकतो. एका गुलाबी फेट्यावर तर त्यांच्या परसात दोडक्याचा वेल चढला आहे. आणखी एक कोडं म्हणजे त्याच्या जीपच्या बॉनेटच्या फटीत कायम तांदळाचे दाणे अडकलेले असत, कुंकू लावलेले. मी विचारलं, तर म्हणाला चिमण्या टाकतात. चिमण्या तांदळाला कुंकू कधीपासून लावायला लागल्या, असं विचारल्यावर त्याने विषय ऊसतोडीवर नेला.

अधूनमधून त्याचं ‘पित्त’ उसळायचं. छातीत धडधड, हाताला मुंग्या. वहिनी कोकम सरबत द्यायची. हा कुणाला न सांगता कराडला जाऊन छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून यायचा. ती नॉर्मल आली की आठवडाभर खूश, मग पुन्हा पित्त.

यंदा माझ्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. आमच्याकडे भटजी माईकवरून पुकारतात, ‘मुलीचे मामा, मुलीला घेऊन या.’ मामाने मुलीला बोहल्यापाशी आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. ऋतुजाला मामा एकच. तिने मला बजावून ठेवलं: तुझा भाऊ कसा सांभाळायचा ते तू बघ, माझ्यामागे मामाच उभा पाहिजे. तिला सायकल त्याने शिकवली होती, सीट मागून धरून, गावभर पळत.

अण्णाने तीन महिने आधीच तयारी सुरू केली. ‘नवऱ्याच्या मामाला आधी फेटा बांधला तर मी यायचा न्हाई.’ मी म्हटलं, तुला आधी बांधू. ‘त्यो माझ्यापरीस उंच असला तर?’ मी फोन ठेवला.

बस्त्याच्या दिवशी मात्र गाडं अडलं. लग्नाचे कपडे काढायला दोन्हीकडची माणसं सांगलीच्या एका दुकानात, वरच्या मजल्यावर गाद्यांवर बसलो होतो. काचा बंद, माणसाला माणूस चिकटलेलं, साड्यांचे ढीग. अण्णा म्हणाला, ‘व्याह्यांना चहा आधी दिला.’ नेहमीसारखा उठला, पण जिन्यात दुसरं वऱ्हाड लेकराबाळांसकट वर येत होतं. त्याला खाली जाता येईना. तो तिथेच पायरीवर बसला. चेहरा राखेसारखा, शर्ट भिजलेला, श्वास नुसता वरच्या वर.

‘शालन,’ माझं मनगट धरून म्हणाला, ‘मी चाललो बघ.’

कुणी फिट आली म्हणून नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल शोधू लागलं, विहीणबाई दृष्टीचं बोलू लागल्या. मी सगळ्यांना बाजूला केलं आणि त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यात पट्टी काढली, रक्त तपासलं. तोवर हा उठून बसलेला. डॉक्टर म्हणाले, छातीत दुखलं की आधी हृदय तपासायचं, ते तुम्ही बरोबर केलं. ते ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. आता मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जा. अण्णा म्हणाला, ‘मला येड्यात काढलं. मानाचा प्रश्न हाय.’ मी म्हटलं, गाडीत बस.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई वयाने ऋतुजाएवढ्या. त्यांनी निवांत सगळं विचारलं: कुठे होतं, पुन्हा होईल अशी धास्ती असते का, त्या धास्तीने काय काय टाळता. मग म्हणाल्या, वाघ दिसला की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. तुमची घंटा वाघ नसताना वाजते. त्रास खरा, वाघ खोटा. थांबलात तर ती थोड्या वेळात आपोआप बंद पडते. पण तुम्ही दर वेळी पळालात, त्यामुळे शरीराला वाटलं, हॉलमध्ये खरंच वाघ होता.

‘वाघ आसता तर बरं झालं आसतं,’ अण्णा म्हणाला. ‘त्याला मी बघून घेतला आसता.’

मी विचारलं, हे सैन्यातून आलं का? बाई म्हणाल्या, असेल किंवा नसेल, उपचार त्यासाठी अडत नाहीत. मला हे अजूनही नीट कळलेलं नाही. बर्फात चौकी राखलेला माणूस मंगलाष्टकांना भितो, हे कुठल्या हिशोबात बसवायचं?

मग त्यांनी विचारलं, ‘बाहेर जीपमध्ये बसून काय करता?’

अण्णाने टेबलावरचा पेपरवेट फिरवला. ‘अक्षता टाकतो.’

‘कुणावर?’

‘बॉनेटवर. भोंग्यावर सावधान ऐकू येतं की. पोरगी आपलीच. लांबनं का हुईना, टाकाय नगं?’

येताना जीपमध्ये मी म्हटलं, हे आधी सरळ सांगायचं नाही का? त्याने गिअर बदलला.

‘सुभेदार भितोय म्हणून सांगू? रुसक्याला चार माणसं न्यायला येत्यात, शालन. भ्यालेल्याजवळ कोण येतंय?’

बाईंनी लिहून दिलेली गोळी जेवणानंतर घ्यायची आहे, एवढी आठवण मी करून दिली.

गोळीला गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नाही, हे वहिनीने लक्षात ठेवलं. लग्नाची तारीखही तेवढी पुढेच होती. दुसरा उपचार माझ्या वाट्याला आला. बाईंनी सांगितलं होतं, गर्दीत थोडं थोडं जायचं, घंटा वाजली तरी थांबायचं, श्वास सावकाश सोडायचा. आम्ही आधी आठवड्याच्या बाजारात गेलो. मग अण्णाच म्हणाला, सराव करायचा तर खऱ्या मैदानावर. लग्नसराई होती. आम्ही ओळखपाळख नसलेल्या लग्नांना जायला लागलो. मुलाकडचे आम्हाला मुलीकडचे समजत, मुलीकडचे मुलाकडचे. पहिल्या लग्नात अण्णा दाराशीच थांबला. पुढच्यात खांबापर्यंत गेला. एकदा पार मध्ये जाऊन उभा राहिला, तर त्याचा आकार बघून तिथल्यांनी मानकरी म्हणून फेटाच बांधला. घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, ‘तुरा बरूबर हुता.’

ऋतुजाच्या लग्नात हॉलचं बाजूचं दार मी उघडं ठेवायला लावलं. त्याला सांगितलं, जायचं झालं तर जा, कुणी काही म्हणणार नाही. माईकवर आवाज आला, ‘मुलीचे मामा कुठे आहेत? मुलीला घेऊन या.’ सगळं वऱ्हाड सवयीने पार्किंगकडे बघायला लागलं.

अण्णा आला. ऋतुजाचा दंड धरून आला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. तिसऱ्या मंगलाष्टकाला त्याच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसला. त्याने बाजूच्या दाराकडे पाहिलं. ऋतुजा हार धरून अंतरपाटाकडे बघत होती. तिने मान वळवली नाही, फक्त अर्धं पाऊल मागे सरकली आणि पाठ त्याला टेकवली. अण्णाने तोंडाने लांब श्वास सोडला. तो मला ऐकू आला, किंवा मला तसं वाटलं.

सावधान झालं, बँड वाजला, मिठ्या, फोटो. शाल घेऊन जीपकडे गेलेले दोघे वडीलधारी गोंधळून परत आले. अण्णा तिथेच उभा होता, उजवी मूठ आवळलेली. मी जवळ गेले तेव्हा त्याने ती उघडली. अक्षता तशाच होत्या. घामाने भिजून तळहाताला चिकटल्या होत्या, हात कुंकवाने लाल.

‘टाकायच्या ऱ्हायल्या गं,’ तो म्हणाला.

‘मग टाक आता.’

त्याने दुसऱ्या हाताच्या नखाने एकेक दाणा सोडवायला सुरुवात केली आणि तो ऋतुजाच्या डोक्यावर ठेवू लागला. ती मान खाली घालून उभी राहिली. पुढच्या विधीला उशीर होतोय म्हणून भटजी माईकवर खाकरले.

मी त्यांना म्हटलं, थांबा जरा, मानाचा प्रश्न आहे.