टोपलीची वीण आणि सात शिक्के

मत्सर हा हलक्या माणसांचा रोग आहे आणि आपल्याला तो कधी शिवला नाही, याचे ओकुमुराबाईंना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही मनापासून समाधान होते. हे समाधान मंगळवारी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत टिकले. दहा पंचविसाला सुगायाबाईंनी पिशवीतून पांघरूण काढले.

गुडघ्यांवर घ्यायचे साधेच पांघरूण. राखाडी लोकरीचे, क्रोशाच्या सुईने विणलेले. पण लांबून बघणाऱ्याला वाटावे, कुणी बांबूच्या पट्ट्या एकीखालून एक ओवून टोपलीच विणली आहे. गल्लीच्या सभागृहात दर मंगळवारी विणायला जमणाऱ्या बायकांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या आणि पांघरुणाला आळीपाळीने हात लावून पाहिला.

"यंदाच्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर हेच लावू," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

दारासमोरची भिंत अकरा वर्षे ओकुमुराबाईंची होती. म्हणजे कागदोपत्री ती गल्लीच्या मंडळाची. पण नोव्हेंबरच्या प्रदर्शनात आत शिरणाऱ्याची पहिली नजर जिथे पडते, तिथे अकरा वर्षे त्यांचीच अननसाच्या नक्षीची विणलेली जाळी लटकत आली होती. सुगायाबाईंना गल्लीत येऊन अजून दोन वर्षेही झाली नव्हती.

"अय्या, किती सुरेख!" ओकुमुराबाई म्हणाल्या. आवाजात इतकी साखर होती की शेजारणीने हातातला चहा पुन्हा एकदा चाखून पाहिला.

"छे हो ओकुमुरासान, कसलं सुरेख! माझा हातच ओबडधोबड."

"तसं कसं! चांगलं दाट आहे. लोकर मात्र फार खात असेल, नाही?"

"दुप्पट खाते."

"वाटलंच," ओकुमुराबाई म्हणाल्या. तेवढाच जिवाला थंडावा.

वीण कशी असणार, ते त्यांना बसल्या जागी कळले होते. टाका वरून न घेता खालच्या ओळीतल्या खांबाच्या, म्हणजे उभ्या टाक्याच्या, कमरेत सुई घालायची; काही खांब पुढून, काही मागून, आणि मग आलटापालट. पण पुढून किती, मागून किती आणि पालट कितव्या ओळीला, ते नुसते बघून मोजता येईना. मोजायला जावे तर सुगायाबाई पांघरुणाची घडी घालत. विचारायचा तर प्रश्नच नव्हता. अकरा वर्षे दारासमोर बसलेल्या बाईने दोन वर्षांच्या बाईला वीण विचारायची, म्हणजे भिंत स्वतःच्या हाताने उतरवून देण्यासारखे होते.

सुगायाबाई पेले धुवायला मोरीकडे गेल्या. त्यांच्या लोकरीच्या परडीत विणीची आकृती होती. ओकुमुराबाई ती घेऊन बोळातल्या छायाप्रतीच्या यंत्रापाशी गेल्या, आणि पेले धुऊन व्हायच्या आत कागद परत परडीत होता. प्रत त्यांच्या पिशवीत होती. कोपऱ्यात हाताने लिहिलेले 'सुगाया' हे नावसुद्धा प्रतीवर अगदी स्वच्छ उमटले होते.

घरी पोचल्या तर नवरा, तेत्सुओ, समोरच बसलेला. प्रत लपवायला हाताशी होती मंडळाची फिरती पाटी. ही पाटी घरोघर फिरते. अडकवलेल्या सूचना वाचायच्या, वाचल्याचा शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. ओकुमुराबाईंनी प्रत तिच्यात सगळ्यांत खाली सरकवली आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. तेत्सुओ महिनोन् महिने त्या पाटीला हात लावत नसे.

जेवण झाल्यावर त्या पाहतात तर पाटी नाही.

"अहो, पाटी कुठंय?"

"दिली की पुढे," तेत्सुओ म्हणाला. "तूच म्हणतेस ना, मी घरात कशाला हात लावत नाही म्हणून. सगळ्या कागदांवर शिक्के मारले. खालचा एक राहिला होता, त्याच्यावरही मारला."

"वाचलात तो?"

"वाचायचं काय? मंडळाचं असतं ते."

ओकुमुराबाईंनी टोपलीभर तांबूस फळे, म्हणजे अंगणातली काकी, पिशवीत भरली आणि त्या पुढच्या, म्हणजे चौथ्या, घरी गेल्या. चौथ्या घरी पाटीबद्दल एकदम विचारणे बरे दिसेना. आधी काकी द्यावी लागली, मग 'अहो, कशाला एवढी' ऐकावे लागले, मग चहा घ्यावा लागला, मग सुनेच्या गुडघेदुखीची हकिकत झाली. शेवटी कळले, पाटी आत्ताच पाचव्या घरी गेली. पाचव्या घरी पुन्हा काकी, पुन्हा चहा आणि नातवाची परीक्षा. पाटी सहाव्याला. इतर महिन्यांत हीच पाटी एकेका घरी आठवडा काढत असे. आज ती एखाद्या तरुण पोस्टमनसारखी धावत होती आणि ओकुमुराबाई पोटात पेल्यावर पेले चहा घेऊन एक घर मागे होत्या.

सातव्या घरी आओकीआजोबा दारातच उभे होते.

"तो नकाशा बघितलात का, ओकुमुरासान? मी हरकत लिहिलीय त्याच्यावर."

"कसला नकाशा?"

"गटाराचा हो! उभे नळ, प्रत्येकाच्या बुडाशी गळासारखा आकडा. काही नळ उजवीकडे वळलेत, काही डावीकडे. मी लिहिलं, डावीकडचं पाणी माझ्या मुळ्यांच्या वाफ्यात सोडू नये."

"आणि शिक्का?"

"मारला की. हरकत वेगळी, शिक्का वेगळा."

नवव्या घरी पोचेपर्यंत पाटी मंडळाचे अध्यक्ष कुमागाई यांच्याकडे गेली होती. काकी संपली होती. ओकुमुराबाईंना एकच आधार होता. सुगायाबाईंचे घर दुसरे, त्यांचे तिसरे. म्हणजे पाटी सुगायाबाईंकडून आधीच पुढे आलेली. त्यांनी कागद पाहिलेला नव्हता. उलट पुढच्या सगळ्या घरांना वाटणार होते की नाव सुगायाचे, तेव्हा कागदही सुगायांच्याच घरातून आला.

रविवारी मंडळाची बैठक भरली. कुमागाई टपाल खात्यातून निवृत्त झालेले. शिक्का दिसला की त्यांची पाठ आपोआप ताठ होत असे.

"पहिला विषय," ते म्हणाले. "हा कागद. सात घरांचे शिक्के आहेत, एक हरकत आहे. म्हणजे प्रस्ताव बहुमताने मंजूर. फक्त, प्रस्ताव कशाचा आहे ते सुगायासाननी सांगावं."

कागद हातोहात फिरला. पाचव्या घरची बाई एकदम ओरडली, "अगंबाई! ही तर त्या टोपलीच्या विणीची आकृती! सुगायासान, तुम्ही सगळ्या गल्लीला वाटलीत?"

सुगायाबाईंनी कागद पाहिला, वरचे आपले नाव पाहिले आणि काही न कळून त्या कमरेत वाकल्या. "माफ करा हं. माझ्याच हातून कुठेतरी... फार त्रास दिला सगळ्यांना."

"त्रास कसला! मन मोठं लागतं त्याला," चौथ्या घरची म्हणाली.

"आपल्या हातातली विद्या अशी घरोघर पाठवणं, सोपं आहे का?" शिकवणाऱ्या बाईंनी रुमाल काढला.

"मला वाटलं गटार," आओकीआजोबा म्हणाले. "हरकत मागे घेतो. सुगायासान, माणूस म्हणजे तुम्ही!"

टाळ्या पडल्या. ओकुमुराबाईही वाजवत होत्या. चोरी पचली होती. गप्प बसले की झाले. तेवढ्यात पाचव्या घरची पुन्हा म्हणाली, "नाहीतर अकरा वर्षं अननस बघतोय आम्ही. एक टाका सांगितला असेल कुणी तर शपथ!"

ओकुमुराबाईंच्या टाळ्या थांबल्या.

"ती मी वाटली!" त्या उठून उभ्या राहिल्या.

शिकवणाऱ्या बाईंचा रुमाल डोळ्यांपाशीच थांबला.

"सुगायासाननी काही वाटलेलं नाही. त्यांच्या परडीतून कागद मी उचलला. प्रत मी काढली. पाटीत मी घातली. गल्लीला वीण मिळाली ती माझ्यामुळं! मन मोठं म्हणायचं तर..." इथे त्यांना आपण काय बोलतो आहोत ते ऐकू आले आणि त्या खाली बसल्या.

कुमागाईंनी इतिवृत्ताच्या वहीत दोन शब्द लिहिले. "उचलला, असं ठेवू, की चोरला?"

तेत्सुओ छताकडे पाहू लागला.

"चोरायचं काय त्यात?" सुगायाबाई गोंधळून म्हणाल्या. "स्टेशनजवळच्या लोकरीच्या दुकानात गल्ल्यापाशी गठ्ठा असतो याचा. फुकट देतात. नको म्हटलं तरी पिशवीत टाकतात."

"पण वर तुमचं नाव लिहिलंय ना!" ओकुमुराबाईंचा आवाज चिरकला.

"ते मी सगळ्यावरच लिहिते, ओकुमुरासान. छत्रीवर, डब्यावर. यांच्या चपलांवरसुद्धा."

कुमागाईंनी दोन्ही शब्द खोडले आणि पान उलटले.

"दुसरा विषय. सभागृहाच्या दारासमोरच्या भिंतीला ओल आली आहे. यंदा तिथे काही लावायचं नाही."