शंभर वर्षांतला पाऊस

चांदूर बाजारच्या तहसील कचेरीतले कारकून देवमन अकरा वर्षं आवारातल्या उंच ओट्यावरच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजत आले होते. कधी कुणी हूं की चूं केलं नाही. एकोणसाठच्या जुलैत मात्र एका दिवसात अकरा इंच पाऊस कोसळला, देवमननी तो इमानदारीनं लिहिला आणि पस्तावले. वरून पत्र आलं, 'आकडा अशक्य. कारणे दाखवा.' नेमकी त्याच महिन्यात त्यांची हेडक्लार्कची बढती ठरायची होती. ती अडली.

"पाऊस पाडला देवानं अन् कारण दाखवू मी?" ते घरी येऊन खेकसले.

"मंग दोन इंच लिहून द्या ना," त्यांच्या पत्नी कौशल्याबाई म्हणाल्या.

"अवं, अर्ध्या इंचाचा पेला बावीस खेपा भरला मी! खोटं काहून लिहू?"

ऑगस्टात तपासणीला पुण्याच्या हवामान खात्यातून केशवराव आले. संख्याशास्त्रातले मोठे जाणकार. "इथे असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच पडायचा," ते वहीवर बोट ठेवून म्हणाले.

"मंग पडला ना साहेब एकदा!"

"नेमका यंदाच? मापकात कुणीतरी बादली ओतली असणार."

दोन दिवस त्यांनी चपराशापासून कौशल्याबाईंपर्यंत सगळ्यांना बादलीबद्दल विचारलं. देवमन दातओठ खात रोजचा पाऊस मोजत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ फाटलं. दुपारी कचेरीत गुडघाभर पाणी. केशवराव टेबलावर चढून बसले आणि त्यांचे बूट दारातून बाहेर निघून गेले. देवमन मात्र दर तासाला पाणी तुडवत जाऊन मापकातलं पाणी त्यांच्या टेबलावर आणून देत होते. चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता बेरीज झाली. चोवीस पेले, बारा इंच. केशवरावांनी एकेक पेला स्वतः मोजला होता.

"करा सही साहेब. मी सुटलो!"

केशवरावांचा चेहरा उतरला. "एकाच पावसाळ्यात दोनदा? कोण विश्वास ठेवील? आपण दोन इंच लिहू."

"काहून? पावसाले तुमची वही कोणी दाखवली नसंन. बारा लिहा."

अनवाणी उभ्या केशवरावांनी नाइलाजानं सही ठोकली.

पंधरा दिवसांनी लिफाफा आला. देवमननी तो घाईघाईनं फोडला. जुलैचा आकडा मान्य, बढती मंजूर. खाली लिहिलं होतं, 'शंभर वर्षांतला पाऊस जुलैत होऊन गेला. केशवरावांच्या सहीचा ऑगस्टचा आकडा अशक्य. त्यांच्याकडून कारणे मागवली आहेत. चौकशी हेडक्लार्क देवमन यांनी करावी.'

"अवं कौशल्ये," देवमननी हाक मारली, "पुण्याच्या साहेबाले पत्र लिवून राहिलो. मापकात बादली कोणी ओतली, ते विचारा लागते!"