सुरभीचा गेटपास

ज्या जमिनीवर काहीच नसते, तिलेच आजकाल खरी किंमत हाये. हे सत्य आपल्या बापजाद्यायले कळलं नाही, म्हणून ते पेरत राह्यले.

आमच्या भागात 'खुली औद्योगिक साठवण' नावाचा धंदा आला हाये. वावर सपाट करा, मुरूम टाका, तारेचं कंपाउंड मारा, गेटवर एक माणूस बसवा. बस. छप्पर नाही, भिंत नाही, पीक नाही. मंग कंपन्या तिथं पाइप, डंपर, पोकलेन आणून ठेवतात आन् उन्हात ठेवल्याचं भाडं देतात. (आमचे लोक पिढ्यानपिढ्या उन्हातच हायेत. त्यायले भाडं भेटलं नाही, कारण करारनामा नव्हता.)

याचा अभ्यास मी मोबाइलवर स्वतःच केला. आता दर महिन्याले व्हाट्सअपवर बाजारस्थिती टाकतो. मागची थोडक्यात अशी:

वणी: मागणी तेज. कोळशाच्या ट्रकायले उभं राहायले जागा पुरत नाही. जागेसंगं काळी धूळ मोफत.

लोहारा: यवतमाळले लागून, म्हणून भाव चढा. जागामालक फोन उचलत नाही, यावरून बाजार मजबूत असल्याचं समजते.

पांढरकवडा: हायवेनं पाहाल तिकडे मुरूम. मोकळी जागा एवढी भाड्यानं गेली, का आता मोकळी जागा पाहायले भेटत नाही. सदर बाब प्रगतीची हाये.

आमचं गाव याच पांढरकवड्याच्या हायवेवर. तीन एकर वावर रोडले लागून. बाबा, म्हणजे विठ्ठलराव, त्यात कापूस आन् तूर घेत. मी त्यायले तीन दिवस समजावलं.

"बाबा, तिथं काहीच करायचं नाही. त्याचेच पैसे भेटतात."

"काहीच न कऱ्याचे पैसे?" बाबा म्हनले. "मंग तू तर लखपती व्हाले पायजे होता बे."

तरी सही झाली. जानेवारीत तूर निघाली आन् नागपूरच्या एका यार्डवाल्या कंपनीसंगं अकरा महिन्याचा करार झाला. कलम नऊ असं: 'सदर जागेत पीक, झाड, जनावर वा मनुष्य आढळू नये. जे आढळेल ते माल समजण्यात येईल व त्याची गेटवर नोंद होईल.' मले हे कलम लय आवडलं. भाषा भारी होती.

चूक एकच झाली. आमच्या घरचं हरेक लग्न वावरातच होते. आजोबाचं तिथंच झालं, बाबाचं तिथंच, दोन्ही आत्यायचं तिथंच. तूर निघाली का वावर मोकळं, वैशाखात मांडव. माह्या बहिणीचं, सुरभीचं, वणीच्या पोरासंगं ठरलं. बारा मे. पत्रिका वाटून झाल्या. स्थळ: विठ्ठलरावांचे शेत. जानेवारीपासून अकरा महिन्यात मे महिना पण येते, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. (अहवाल लिहिणाऱ्याले कॅलेंडर पाहायची सवय नसते.)

दुसरी जागा पाहायले निघालो. सकाळी गावची ढोरं जमतात त्या आखरावर पाइप होते. बाजाराच्या मैदानात डंपर. पांढरकवड्याचे हॉल दिवाळीतच बुक झालते. गावात एकूण अकरा मोकळ्या जागा होत्या आन् अकराही मीच भाड्यानं लावून देल्या होत्या. लग्नाले सतरा दिवस उरले.

आई म्हनली, "गावभर जागा वाटली रे बाप्पा! सख्ख्या बहिनीपुरती ठेवता नाही आली तुले?"

(बाजारभाषेत याले 'पुरवठ्याची तात्पुरती टंचाई' म्हणतात. आईले सांगितलं नाही. तिच्या हातात लाटणं होतं.)

शेवटी कलम नऊच कामी आलं. जे आढळेल ते माल, तर माल म्हणूनच जाऊ ना! मी कंपनीले अर्ज केला: 'किरकोळ मालाची खुली साठवण, मुदत चोवीस तास.' मंजुरी त्याच दिवशी आली. अर्ज वाचला असता तर येळ लागला असता.

बारा मेले गेटवर कंपनीचा चौकीदार बाबुलाल रजिस्टर घेऊन बसला. इमानदार माणूस. त्याच्या नोंदी जशाच्या तशा:

मांडव, संच १. गंज-पराती, नग ४०. वऱ्हाड, नग २१२, वणीहून दोन बसनं, वाटेत थोडी आदळआपट. नवरदेव, नग १, पॅकिंगसह. लहान लेकरं, सुटा माल, मोजता आला नाही. रुसलेले मामा, नग १, वेगळे ठेवणे.

लग्न मस्त झालं. सात बुढे चार फुटी पाइपात सावलीले झोपले, ते जेवायलेच निघाले.

संध्याकाळी पाठवणी. गाडी गेटवर आली आन् बाबुलालनं हात आडवा केला.

"काकाजी, एक नग बाहेर जाऊन राह्यला. पास कोनता फाडू? परत येनारा, का न येनारा?"

यार्डात दोन पासबुकं असतात. मशीन दुरुस्तीले गेली तर परत येणारा, पांढरा. माल विकला तर न येणारा, गुलाबी. बाबुलालनं दोन्ही समोर धरले. बँडवाला वाजवता वाजवता थांबला. बाबा त्या गुलाबी बुकाकडं पाहत राह्यले.

सुरभीनं गाडीची काच खाली केली. "सांगा ना बाबा. मले बी आयकाचं हाये."

"पांढरा फाड," बाबा म्हनले. "परत येनारा."

"मंग जागा राखा लागते, काकाजी. तिथं दुसरा माल नाही ठेवता येत. नियम हाये."

"राखतो म्हन ना!"

दिवसभर न रडलेली सुरभी पास हातात घेऊन रडली.

चौथ्या दिवशी ती मांडवपरतणीले आली. दारातच पर्स उघडून पांढरा पास बाबाच्या हातात देला आन् आपल्या खोलीकडं गेली. दार अर्धंच उघडलं. भाव चढायची वाट पाहत पडलेला आमचा कापूस आत खिडकीपर्यंत भरला होता. मीच भरला होता, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. रिकामी जागा ठेवणं म्हणजे नुकसान, हा माहा अभ्यास हाये.

"चांगला भाव आला का रे माह्या खोलीले?" सुरभीनं इचारलं.

बाबानं पास खिशात ठेवला, धोतर खोचलं आन् पहिलं गाठोडं उचललं. दुपारभर आम्ही दोघं कापूस अंगणात काढत होतो.

तुम्ही हसून राह्यले, चांगली गोष्ट हाये. आता जरा उठा आन् तुमच्या घरची लेक, बहीण जिथं झोपत होती ती जागा पाहून या. गव्हाची कोठी हाये का मोडका कूलर? लांबी-रुंदी मोजून मले पाठवा. भाव मी लावून देतो.