बळीरामनं बुजवलेली खांड

नव्या गाडीखाली थेंब थेंब पाणी पडताना दिसलं आणि बळीराम तिथंच उकिडवा बसला.

"भामा, गाडी गलते!"

"एसीचं पानी आसंल. मनस्वीला इचारा."

"पोरीला काय इचारायचं? आख्खी उमर मी खांडी बुजवल्या."

ते मात्र खरं होतं. खाडीकाठी मिठागरं होती तेव्हा भरतीनं बांध फुटून खांड पडली, की पहिली हाक बळीरामला यायची. आता तिथं इमारती आहेत, आणि तो नवीन पनवेलात तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण गळतं पाणी दिसलं, की हात अजून शिवशिवतात. त्यानं कुंडीतली चिकणमाती मळली आणि गाडीखालच्या रबरी नळीत ठासली. थेंब थांबले. बळीराम सुखानं जेवला.

दुसऱ्या दिवशी मनस्वीला बघायला चिरनेरहून वेणूबाई येणार होत्या. त्यांच्या मुलाचं, हितेशचं लग्न त्यांच्याच एका शब्दावर होतं. "आमची गाडी गॅरेजात हाय, न्यायला या," असा निरोप होता.

नवरा-बायको निघाले. येताना वेणूबाई पुढं बसल्या, भामा मागं. गाडी गारेगार झाली.

"दादा, पायाशी वल लागते."

"थंडावा हाय तो, विहीनबाई."

भामानं मागून चिमटा काढला. विहीण व्हायला अजून अवकाश होता.

पळस्प्याच्या वळणावर डॅशबोर्डखालून पाण्याचा लोट आला आणि वेणूबाईंचं जरीचं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं.

नाक्यावरच्या बाळू मेकॅनिकनं गाडीखाली हात घालून मातीचा गोळा काढला. पाणी भसाभसा रस्त्यावर आलं.

"काका, इंजिनापाशी कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढच्या जाळीत तो गॅस गरमी सोडतो आणि डॅशबोर्डमागची कॉइल गार करतो. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना? तसंच कॉइलला सुटतं. ते जायची ही वाट. बुजवली कुणी?"

"खांड व्हती," भामा म्हणाली, "आमच्या यांना दिसली."

बळीराम मान खाली घालून उभा राहिला. सोयरीक या पाण्याबरोबरच वाहून गेली, असं त्याला वाटलं.

वेणूबाईंनी तो गोळा हातात घेऊन दाबून पाहिला.

"मातीच व्हती, म्हनून निंगाली," त्या पदर पिळत म्हणाल्या. "मी सिमेंट लावलं. पंदरा दिस झालं, आमची गाडी गॅरेजातून सुटंना."

मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या पोरीला या एसीतलं कलतं?"

"कलतं," भामा म्हणाली. "पन तिला इचारतो कोन!"

"मंग पोरगी पसंत हाय. दोन घरांत एकाला तरी कलाया पायजे."